ऑनलाइन एम.कॉम. म्हणजे ‘विकतचा कागद’ नव्हे

आपल्या गोव्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय : ‘अकाउंटिंगचं ऑनलाइन एम.कॉम. म्हणजे विकतचा कागद. सरकारी नोकरीला चालत नाही. परीक्षा पुस्तक उघडून देतात. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं त्याला याची गरज नाही, आणि सीएची सर तर नाहीच.’ सत्तरी, काणकोणच्या मुली हे वाचून बेत सोडतात, म्हणून लिहिते आहे.

नोकरीचं आधी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2020 च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. 2022 मध्ये यूजीसीने हे पुन्हा जाहीरही केलं. या पदवीवर नेटलाही, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेलाही, बसता येतं. मात्र विद्यापीठ नावाजलेलं आहे एवढ्यावर विसंबू नका. त्याच अभ्यासक्रमाला, त्याच सत्रासाठी मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. ‘आमच्या सेंटरमधून अ‍ॅडमिशन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. फ्रँचायझीवर हे अभ्यासक्रम चालवायला बंदी आहे. विकतचा कागद मिळतो तो अशांकडे.

परीक्षेचं म्हणाल तर माझी धाकटी बहीण वाळपईला पतसंस्थेत कामाला आहे. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात रोज जायचं तर पणजीपर्यंत एक बस, पुढे दुसरी. नोकरी सोडावीच लागली असती. तिने ऑनलाइन केलं. पहिल्या पेपरला कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र धरलं, लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवली. अर्ध्या तासाने आजी चहा घेऊन आत आली आणि पडद्यावर ताकीद झळकली : खोलीत दुसरी व्यक्ती. पुढच्या प्रत्येक पेपराला आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. पावसात वीज गेली की बुडालेलं लेक्चर रात्री अकरानंतर. यात पुस्तक उघडायला जागा कुठे होती?

टॅलीचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो. समजा, हॉटेल चालवणाऱ्या कंपनीने पाच वर्षांसाठी इमारत घेतली, भाडं दर वर्षाअखेर 10 लाख. भाड्याची एंट्री टॅलीत कोणीही मारील. पण कंपनीला इंड-एएस (भारतीय लेखामानकं) लागू असेल तर 2019 पासून इंड-एएस 116 प्रमाणे ते पाचही हप्ते आजच्या किमतीला आणावे लागतात. व्याजाचा दर 10 टक्के धरला तर सुमारे 37.9 लाखांचं देणं ताळेबंदात येतं, आणि समोर तो वापराचा हक्क मालमत्ता म्हणून. दर 10 का, 8 का नाही, हे माणसालाच ठरवावं लागतं, कारणासकट. तेच एम.कॉम.ला शिकवतात.

सीएचं मात्र खरं आहे. एम.कॉम.वर कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही, मग ते ऑनलाइन केलेलं असो की वर्गात बसून. बहिणीला सही करायचीच नव्हती. तिला समोरचा ताळेबंद वाचता यायला हवा होता. गेल्या महिन्यात तिने मॅनेजरना विचारलं, थकीत कर्जांसाठीची तरतूद यंदा कमी का? ते फाईल काढून तिच्या टेबलापाशी येऊन बसले.