सदाफुली कुंडीत लावा, पोटात नको

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि मामेबहिणीच्या भिशीच्या ग्रुपवर पण सध्या एकच मेसेज फिरतोय, की सदाफुलीची चार पानं रोज अनशापोटी चावून खा, महिन्याभरात शुगर नॉर्मल, गोळ्या बंद, कॅन्सर पण जवळ येत नाही, ऋषीमुनींची देणगी आहे, आणि खाली लागवडीची माहिती, सावलीत ठेवा, रोज भरपूर पाणी द्या. यातलं जवळजवळ सगळं चूक आहे आणि काही तर जिवावर बेतणारं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी शुगर. उंदरांवरच्या काही प्रयोगांत अर्काने साखर उतरलेली दिसलीये हे खरं, पण माणसांत असा भरवशाचा पुरावा नाही. आणि गंमत नाही, हा प्रश्न जुनाच आहे. जमैकात लोक या पानांचा चहा डायबेटिससाठी प्यायचे, ती पानं कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली, त्यांनी उंदरांना अर्क दिला तर साखर काही उतरली नाही, पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या आणि ते इन्फेक्शनने मेले. त्यातूनच नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी 1958 मध्ये विनब्लास्टिन हे औषध जाहीर केलं. म्हणजे कॅन्सरचं औषध सापडलं ते या झाडाच्या विषारीपणातूनच!

म्हणून कॅन्सरचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं जास्त धोक्याचं असतं. विनब्लास्टिन आणि याच झाडातलं विनक्रिस्टिन ही आजही वापरातली औषधं आहेत, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये विनक्रिस्टिन देतात, पण ते शुद्ध करून, वजन-उंचीवरून डोस काढून, शिरेतूनच, रक्त तपासत तपासत. पानात ही द्रव्यं इतकी कमी असतात की ग्रॅमभर औषधाला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि सोबत बाकीची ढीगभर अल्कलॉइड्स (झाडातली तीव्र रसायनं) असतात. काढा पिऊन बोनमॅरो (हाडातला रक्त तयार करणारा मगज) दबल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. ग्रुपवरच्या काका-काकूंना हात जोडून सांगते, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका, आणि गोळी चालू ठेवून वर पानं खाल्ली तरी शुगर एकदम खाली जायची भीती आहेच.

ऋषीमुनींचं म्हणाल तर झाड मूळचं इथलं नाहीच, आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाचं आहे.

आता लागवड. सावलीत सदाफुली जगते पण लांबट होते आणि फुलं कमी येतात, तिला पाच-सहा तास कडक ऊन हवं, पूर्व किंवा दक्षिणेची बाल्कनी मस्त. रोज पाणी हे तर तिला मारायचं साधन आहे. मातीत बोट दोन पेरं घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. दुपारच्या उन्हात पानं मलूल होतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात, ते बघून लोक घाबरून मग्गा ओततात. माती ओली आहे आणि तरी झाड झुकलंय, बुंध्याशी खोड काळं-मऊ पडलंय, तर मूळ कुजलं, ते वाचत नाही. पुण्याच्या पावसात कुंड्या अशाच जातात, जूनपासून पत्र्याखाली सरकवा, खालची ताटली काढून टाका. मिश्रण साधं, लाल माती, थोडं शेणखत आणि वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे). खत बेतानेच, जास्त झालं की नुसती पानं. बोअरवेलच्या जड पाण्याने शिरा हिरव्या राहून मधलं पान पिवळं पडतं, ते लोह न मिळाल्याचं लक्षण, पावसाचं पाणी साठवून द्या, फरक दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत झाड थबकतं, तेव्हा पाणी आणखी कमी.

बिया विकत आणायची गरज नाही, फुलाच्या जागी मुगाच्या शेंगेसारख्या बारीक जोडशेंगा येतात, तपकिरी होऊन फुटायच्या आत काढा, आतल्या काळ्या बिया फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा आणि वरून मातीचा पातळ थर द्या, कारण त्या अंधारात रुजतात. पेरून झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.