फुल रेंज, *३३७०# आणि व्होल्टी

कॉलचा आवाज सुधारण्याचा रामबाण उपाय म्हणून एक मेसेज फिरतोय. रेंज फुल असूनही आवाज तुटतो म्हणजे कंपनी तो मुद्दाम दाबते. तेव्हा व्होल्टी (फोरजी नेटवर्कवरून कॉल करण्याची सोय) बंद करा, *३३७०# डायल करा आणि फोनमागे बूस्टर स्टिकर चिकटवा, असं त्याचं म्हणणं.

आधी फुल रेंज. त्या दांड्या टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवतात, तोही ढोबळच. कितीला किती दांड्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. तुमचा आवाज जातो उलट दिशेने, आणि तिथे फोरजीवर फोनची ताकद जेमतेम ०.२ वॅट. म्हणून तर ‘मला तुझं नीट ऐकू येतंय, तुला माझं का नाही?’ हा संवाद दांड्या भरलेल्या असतानाही होतो.

मुद्दाम दाबण्यात थोडं तथ्य आहे. टूजीवर गर्दी झाली की नेटवर्क ‘हाफ रेट’ वापरून एका कॉलच्या जागेत दोन कॉल बसवतं, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पण हे सगळ्यांनाच लागू. तुमच्या नंबरवर कुणाचा डोळा नसतो.

व्होल्टी बंद करा, हा मात्र यातला सगळ्यात वाईट सल्ला. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचाच (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप) आवाज जातो. ‘स’चा सीत्कार बराचसा त्याच्या वर असतो, त्यामुळे ‘सार’ म्हटलं की पलीकडे ‘फार’ ऐकू येतं आणि आपण ‘सशाचा स’ म्हणत बसतो. व्होल्टीवरचा एचडी आवाज ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. २०१४ साली प्रमाणित झालेला ईव्हीएस कोडेक (आवाज आकड्यांत बांधून पाठवण्याची पद्धत) त्याहून वर. शिवाय व्होल्टी कॉलला नेटवर्कमध्ये साध्या डेटापेक्षा अग्रक्रम मिळतो. अट एवढीच की दोन्ही टोकांना आणि मधल्या नेटवर्कला ते जमलं पाहिजे. व्होल्टी बंद केलंत तर कॉल टूजी-थ्रीजीवर ढकलला जाईल, आणि जिथे ही नेटवर्क बंद झाली आहेत तिथे लागणारच नाही.

*३३७०# मात्र अस्सल होता! जुन्या नोकिया फोनवर त्याने ‘एन्हान्स्ड फुल रेट’ हा टूजीचा जास्त चांगला कोडेक सुरू व्हायचा, आवाज सुधारायचा, बॅटरी थोडी जास्त जायची. आजच्या स्मार्टफोनला त्याचा पत्ताच नाही.

स्टिकरबद्दल काय बोलायचं? अँटेनाला न जोडलेला धातूचा तुकडा सिग्नल वाढवत नाही, अडवू मात्र शकतो.

दोष कुणाकडे, हे बघायचं असेल तर कॉल चालू असताना खिडकीपाशी जा. आवाज सुधारला तर अडचण तुमच्या बाजूची. मग घरात वायफाय कॉलिंग सुरू करा. काहीच फरक पडला नाही तर समोरच्याला जागा बदलायला सांगा. आणि पलीकडचा सारखा ‘आवाज दबलाय’ म्हणत असेल तर फोनच्या खालच्या कडेचं माइकचं बारीक भोक बघा. तिथे खिशातला कापूस बसलेला असतो.