अकरा दिवस का लागले

नमस्कार साहेब,

आपल्या जवान भावाचे व्हीलचेअर बास्केटबॉलचे सराव बुडाले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. स्पर्धा तोंडावर असताना खुर्ची वर्कशॉपमध्ये अडकली की खेळाडूची घालमेल होणारच.

पण आपण लिहिलंय की जखमी जवानांच्या खेळांवरच्या माहितीपट मालिकेत भर सामन्यात दोन मिनिटांत चाक बदलतात, आणि दापोडीच्या या वर्कशॉपला एका सांध्यासाठी अकरा दिवस लागतात. एक स्टार देऊन हे सगळ्यांसमोर मांडलंत, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो. नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचून ठरवतं.

मालिकेत दिसतं ते खरं आहे. बास्केटबॉलच्या खुर्चीचं चाक क्विक-रिलीज ॲक्सलवर असतं. अर्ध्या इंचाची पिन, मधलं बटण दाबलं की टोकाचे छर्रे आत जातात आणि चाक हातात येतं. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आपलं चाक गेलंच नव्हतं. कॅम्बर ट्यूब, म्हणजे दोन्ही चाकांमधली आडवी नळी, बाजूच्या पाइपला जिथे जोडलेली असते, तिथे वेल्डच्या कडेला तडा होता. ही चाकं १८ अंशांत खाली फाकलेली असतात. समोरची खुर्ची आदळली की सगळा धक्का ॲक्सलमधून त्याच सांध्यावर येतो, आणि तडा जातो तो तिथेच.

हा तडा आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी इपॉक्सीने बुजवला होता. आपण ते सांगितलं नाहीत, ग्राइंडर लावल्यावर कळलं. इपॉक्सीचा कण जरी राहिला तरी आर्कखाली जळून त्याचा गॅस होतो आणि वेल्डमध्ये भोकं पडतात. म्हणून सगळं खरवडून, ॲसिटोनने पुसून, फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासलं. मग लाल डाय (तड्यात मुरणारा रंग) लावून पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा कुठवर गेलाय ते लाल रेघेत उमटतं. वरून बोटभर दिसणारा तडा पाइपच्या जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत गेला होता. तो मुळापर्यंत कोरून टिग वेल्डिंगने भरला.

इथवर फार दिवस लागले नाहीत. लागले ते पुढे. आपली फ्रेम ६०६१ टी-६, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या ॲल्युमिनियमची. वेल्ड केलं की आजूबाजूचा भाग मऊ पडतो, ताकद निम्म्याच्या आसपास येते. तशीच दिली असती तर दुसऱ्या दिवशी खेळता आलं असतं, आणि काही सामन्यांत वेल्डच्या शेजारीच मोडली असती. ताकद परत आणायला फ्रेम साधारण ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवावी लागते, मग १७५ अंशांना आठ तास ठेवावी लागते. त्या आधी गादी, पट्टे, बेअरिंग, प्लास्टिक, सगळं उतरवायचं. भट्टी भोसरीला आहे आणि लोड भरल्याशिवाय पेटत नाही. एका फ्रेमसाठी कुणी पेटवत नाही. बरेचसे दिवस तिथे गेले. विझवताना फ्रेम थोडी वाकते, ती मऊ असतानाच सरळ करावी लागते. या खेळात शारीरिक क्षमतेनुसार खेळाडूला गुण देऊन वर्ग ठरवतात. आपल्या भावाचा वर्ग २.५ गुणांचा, म्हणजे सीटची उंची ६३ सेंमीपर्यंत चालते. त्यांची मुळातच काठावर आहे. फ्रेम चार-पाच मिलिमीटर उचलली गेली असती तर पंचांनी खुर्ची नाकारली असती.

शेवटी राहिलं टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूने आत वळलेली नाहीत ना ते बघणं. ॲक्सलच्या उंचीवर दोन चाकांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं हवं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी चाकं घासत चालतात आणि ते ओझं खेळाडूच्या खांद्यांवर येतं. हे चाकं लावूनच जुळवता येतं, आणि रिक्षात मावत नाहीत म्हणून चाकं आपण घरी ठेवली होती. फोन केल्यावर ती दोन दिवसांनी आली.

बिल जास्त, असंही लिहिलंत. भावांचं ओळखपत्र पाहून मजुरी निम्मी केली होती, ते लिहायचं राहिलं असावं.

"देशासाठी जखमी झालेल्या माणसाला ताटकळत ठेवता" हे वाक्य मात्र फार लागलं. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ला हायडेलबर्गहून पोहण्यातलं सुवर्ण आणलं. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४पासून इथे जवळच आहे. या भागात खेळाच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याला जवानांची किंमत कळत नाही, असं कृपया म्हणू नका. त्यांच्या खालची खुर्ची भर सामन्यात मोडू नये, एवढ्याचसाठी ते दिवस घेतले.

यापुढे किती दिवस लागतील ते आधीच स्पष्ट सांगायचा प्रयत्न राहील.

महिनाभर खेळून झाल्यावर खुर्ची एकदा आणा. सांध्यावर परत डाय मारून बघू, त्याचे पैसे नाहीत. येताना चाकं आणि पुढचे कॅस्टर (छोटी चाकं) दोन्ही आणा. कॅस्टरची उंची बदलली की टो-इनही बदलतं.