भुईरिंगणीची धुरी आणि म्हणे 'साइड इफेक्ट शून्य'

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडला. भुईरिंगणी या काटेरी रानझाडाच्या बियांची धुरी घ्या, दातातले किडे पटापट पडतात, डॉक्टरची गरजच नाही, साइड इफेक्ट शून्य. खाली नमस्कारांची रांग. डोकंच फिरलं.

माझ्या मावशीने हीच धुरी घेतली होती. तापल्या तव्यावर तुपात घोळलेल्या बिया, वर भोक पाडलेली करवंटी, भोकात पपईच्या देठाची नळी. धूर तोंडात धरायचा, लाळ गळू द्यायची. ठणका थांबला, सगळे खूश. आत दात सडतच राहिला. पुढे गाल असा सुजला की तोंडात बोट जाईना. रातोरात गाडी करून तालुक्याला न्यावं लागलं.

अहो, दातात किडा नसतोच! तोंडातले जिवाणू गोडाधोडाचं आम्ल करतात, त्याने दात पोखरतो. धुराने ते भोक बुजत नाही.

लगेच म्हणाल, आयुर्वेदाला नावं ठेवतेस. अजिबात नाही. भुईरिंगणी म्हणजे कंटकारी, दशमुळांतली, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा औषधी मुळांतली एक. खोकल्या-दम्यावर तिचा काढा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आमच्या घरीही. बांधावर भुईसरपट पसरलेली, पानांवरसुद्धा काटे, जांभळी फुलं, पांढऱ्या रेघांची हिरवी फळं पिकून पिवळी होतात. पण आजी काढा मोजून द्यायची. पोटुशीला नाही, तान्ह्याला तर नाहीच. हे त्या व्हिडिओत कुठंय? वांग्याच्या कुळातली ही रानटी झाडं, अंगात विषारी द्रव्यं बाळगणारी. धोत्रा याच कुळातला. त्याच्या बिया पोटात गेल्या की माणूस कसा बरळतो, ते गावाकडच्यांना सांगायला नको.

धुरीने घटकाभर आराम पडतो, बरं, मान्य. दाताच्या डॉक्टरची फी सगळ्यांना झेपत नाही, तेही खरंच. मावशीने त्यापायीच चालढकल केली. ते आठवलं की राग निवतो, नुसतं वाईट वाटतं. तिला धड सांगणारं कुणी नव्हतं, जो तो धुरीच सांगत होता.

काढा घ्यायचाय तर वैद्याला विचारून घ्या. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सरकारी असला तरी चालेल. आणि तो व्हिडिओ कृपा करून पुढे ढकलू नका.