लोखंडाचा उत्कर्ष

मुलगी दहावीला आहे, म्हणजे आमचं अख्खं घरच दहावीला आहे. मी शिकलो अथणीकडच्या मराठी शाळेत, ती बेळगावात इंग्रजी माध्यमाला, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर कानडी शाळेतले. त्यामुळं गेटच्या एका गंजाला तीन नावं. ती म्हणते ऑक्सिडेशन, मी ऑक्सिडीकरण, मास्तर म्हणतात उत्कर्षण. लोखंड गंजून भुगा झालं की कानडीत त्याचा उत्कर्ष!

"इलेक्ट्रॉन देणाऱ्याचं ऑक्सिडेशन आणि घेणाऱ्याचं रिडक्शन, दोन्ही मिळून रेडॉक्स, पप्पा."

म्हणजे आमचं क्षपण. घेणाऱ्याचं क्षपण? आमच्या भाऊबंदकीत घेणारा झिजलेला मी तरी पाहिला नाही.

"इलेक्ट्रॉन म्हणजे ऋण हो," मास्तर जिन्यातूनच म्हणाले. "ऋण घेतलं की माणूस खालीच येणार की."

हे मात्र पटलं. सोसायटीचे हप्ते चालू आहेत.

तरी म्हटलं, प्रयोगच दाखवू. द्राक्षांवर बुरशीसाठी मारायच्या बोर्डोचं सामान घरात पडलेलं होतं, मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि कळीचा चुना. चुन्याचे खडे प्लास्टिकच्या मगात टाकून पाणी ओतलं. आधी काहीच नाही, मग फस्स करून वाफ, रटरट, आणि शेवटी मगच हळूच एका कुशीवर झोपला.

"बघ, रेडॉक्स!"

"इलेक्ट्रॉन कुणी दिला, कुणी घेतला? ही नुसती एक्झोथर्मिक, उष्णता बाहेर टाकणारी."

वर तिनं ऐकवलं, बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, तोडायला घालावी लागते. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायचे तर 436 किलोज्यूल. मला जन्मभर उलटंच वाटत होतं. आमच्याकडं वाटणीच्या वेळीच धूर निघतो.

राहिलं मोरचूद. आबा बोर्डो कालवला की त्यात विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस थर आला की "चुना कमी पडला" म्हणून आणखी ओतायचे. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतं, तांबं ते घेऊन पात्यावर बसतं. आबा चौथी नापास, पण रेडॉक्स त्यांना हातानं येत होतं.

विळा शेतावर राहिलेला. म्हणून स्वयंपाकघरातली विळी घेतली आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात पातं बुडवलं. थर सुरेख बसला. मुलगी पहिल्यांदाच "वॉव" म्हणाली.

इतक्यात मागून आवाज आला, "माझी विळी तांबडी कशानं झाली?"

मी मुलीकडं बघितलं, मुलीनं पुस्तकात. जिन्यातून मास्तर म्हणाले,

"उत्कर्ष झाला हो तिचा, वैनी."