घरातल्या घरात जलचक्र

आषाढ लागला की आमच्या घरात सगळ्यात आधी काडेपेटी सादळते, मग पापड, मग शेव, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला मी. यंदा माझ्या जोधपुरी कोटाने सगळ्यांना मागे टाकलं. ऑफिसातल्या निरोप समारंभाच्या सकाळी तो बाहेर काढला, तर उजव्या खांद्यावर पांढरट-हिरव्या बुरशीचा चांगला तालुक्याएवढा नकाशा. कमरेच्या पट्ट्याला तर चक्क दाढी आली होती. बोट फिरवून पाहिलं, मऊ होती. "ब्रश मार, कोण बघतंय?" बायको म्हणाली. ब्रश मारला. बुरशी गेली, वास राहिला. समारंभात माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती आणि निवृत्त होणाऱ्या साहेबांनीही मला लांबूनच नमस्कार केला.

आम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर राहतो. जुलैत इकडे सात-आठशे मिलिमीटर पाऊस वरून पडतो, आणि उरलेला आमच्या भिंतीतून वर चढतो. सोफ्यामागच्या भिंतीचे पोपडे दरवर्षी वीतभर उंच जातात. मुलीची उंची आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडायचो, तशी आता ओलीची मांडतो. ओल पुढे आहे.

बाथरूमचं लाकडी दार फुगतं ते वेगळंच. एका सोमवारी मी आत आणि आठ पन्नासची लोकल बाहेर, अशी वेळ आली. आईने बाहेरून ढकलायचं आणि मी आतून ओढायचं, असं ठरलं. प्रत्यक्षात दोघांनीही बराच वेळ ढकललं. संध्याकाळी सुतार आला, त्याने दारावर दोन टकटक केल्या आणि रंधा न काढताच निघाला. "आत्ता तासलं तर दिवाळीला एवढी फट पडेल, की मांजर आत येईल. श्रावण जाऊ द्या." एवढं शास्त्रशुद्ध उत्तर मला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजून मिळालेलं नाही.

मग मी आर्द्रता मोजायचा मीटर मागवला. तिथून घराची शांतता गेली. घरात ४० ते ६० टक्के आर्द्रता असावी, त्याच्या फार वर गेली की बुरशी आणि धुळीतले किडे माजतात, हे मी वाचून ठेवलं होतं. मीटरने पहिल्याच दिवशी ८८ दाखवले. कुणाला ८८ टक्के मिळाल्याचा आमच्या घरात झालेला हा पहिलाच शोक.

मीटर खरं बोलतो का, हे तपासायची एक युक्ती आहे. मिठात थोडं पाणी घालून त्याचा ओला लगदा करायचा, तो मीटरशेजारी हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. मी आईच्या बरणीतून दोन चमचे मीठ काढून वाटीत पाणी घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पाणी कशाला? ओलंच आहे ते." खरंच होतं. तळाशी खारं पाणी साचलेलं, आणि ओल टिपायला टाकलेले तांदळाचे दाणे त्यात पोहत होते. सकाळी मीटरवर ७७. म्हणजे मीटर ठीकच. पण हवेतली आर्द्रता ७५ च्या वर गेली, की मीठ आपणहून पाणी धरतं, हे मी समजावून सांगितलं आणि चूक केली. "म्हणजे माझी बरणी फुकटात सांगते, ते सांगायला तू पैसे मोजलेस," असं म्हणून आई पूजेला बसली.

बायकोचा उपाय खिडक्या उघडण्याचा. तिने तो कुठल्यातरी व्हिडिओत पाहिला होता. व्हिडिओतल्या बाईंच्या खिडकीबाहेर बर्फ होता. तिथली थंड हवा मुळात पाणी कमी धरते, ती आत येऊन तापली की कोरडी होते. आमच्या खिडकीबाहेर भर पावसातली ९५ टक्क्यांची हवा. खिडकी उघडणं म्हणजे पाहुण्यांना कंटाळून दार सताड उघडं टाकण्यासारखं. त्यातून घरात तीन दोऱ्या, त्यांवर मुलीचे दोन युनिफॉर्म, आणि मंगळवारपासून वाळत असलेली माझी जीन्स. मशिनमधून पिळून निघालेल्या एका धुण्यात सहज दोनेक लिटर पाणी उरतं आणि ते सगळं बैठकीच्या खोलीत सुटतं. आमच्या लहानपणी कपडे शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवायचे. दुपट्यांना धुराचा वास यायचा खरा, पण कुबट नाही.

शेवटी ओल ओढून घेणारं यंत्र आणलं. किंमत सांगत नाही, आईही वाचते. मी हिशोब मांडला होता: दहा बाय बाराची खोली, २८ अंश, ८५ टक्के, म्हणजे हवेत तरंगणारं पाणी साधारण पाऊण लिटर. पाऊण लिटर काढलं की संपलं! यंत्राने संध्याकाळपर्यंत दोन लिटरची टाकी भरली आणि लाल दिवा लावला. हवेतलं संपत आलं, की गादी देते, कोट देतो, भिंत तर सढळ हाताने देते. वर वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यात यंत्राची स्वतःची भर. खोली ३२ अंशांवर गेली. मीटरवर ५८ आले आणि ते बघायला आम्ही चौघं घामाघूम होऊन दाटीवाटीने उभे राहिलो, तेवढ्यात पुन्हा ६१.

तरी आठवडाभर मी चिकाटीने टाकी भरल्याचा हिशोब वहीत लिहिला. रोज दोन टाक्या. मीटर मात्र ७० च्या खाली टिकेना. कारण रविवारी सापडलं. मावशी टाकीतलं पाणी बादलीत ओतून त्यानेच लादी पुसत होत्या.

"टाकायचं कशाला, दादा? नळापेक्षा स्वच्छ आहे."

आईचीच सूचना होती ती. चाळीत सार्वजनिक नळाच्या रांगेत तिची वीस वर्षं गेलीत, पाणी मोरीत ओतलेलं तिला बघवत नाही. म्हणजे आठवडाभर तेच चार लिटर पाणी लादीवरून हवेत, हवेतून यंत्रात, यंत्रातून बादलीत फिरत होतं, आणि त्याच्या प्रवासाचं वीजबिल मी भरत होतो.

काल मीटरच्या काचेला आतून धुकं धरलं. आकडा दिसेना. मी तो झटकून पाहिला, पंख्याखाली ठेवून पाहिला. आता आईने तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलाय.