'मुलींवर सीट वाया जाते' म्हणे!

'इंजिनिअरिंगची सीट मुलींवर वाया जाते' हा फॉरवर्ड पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. मी सोडून दिला असता, पण भावोजींनी तो माझ्या भाचीला वाचून दाखवला, तेही ती कॅपचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरत असताना. वर सल्ला: 'मेकॅनिकल खाली टाक.'

पहिला मुद्दा, मुलींना सगळं फुकट. बरं, अर्धं खरं. 2024-25 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून. मॅनेजमेंट कोट्याला छदामही नाही.

'शॉप फ्लोअर मुलींना झेपत नाही.' हे पुण्यात म्हणायचं? 1974 मध्ये टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) 'स्त्रियांनी अर्ज करू नये' या जाहिरातीवर सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, ती गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर-सफारीची असेंब्ली लाइन बायका चालवतात. पुढे.

खरा विखारी मुद्दा हा: 'बाळंतपणाच्या रजेत 26 आठवडे फुकट पगार द्यावा लागतो, मग कंपन्या मुली का घेतील?' पगार बहुतेक वेळा कंपनीच्याच खिशातून जातो, कबूल. (ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असेल तर तिथून.) मग भांडा ना सरकारशी, की सगळा भार मालकावर का. मुलीला घेऊच नका, हे कुठून आलं? बाई म्हणून भरतीत डावलणं 1976 च्या समान वेतन कायद्यापासून बेकायदा आहे. आणि 26 आठवडे पहिल्या दोन मुलांपुरतेच. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत फार तर एक वर्ष. दर दोन वर्षांनी हाइकसाठी स्विच मारणाऱ्या पोरांचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. त्यांना 'करिअर माइंडेड' म्हणतात.

शेवटी 'गुणवत्ता असेल तर संधी मिळतेच'. 2012 मध्ये अमेरिकेत विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला गेला. काहींना जॉनच्या नावाने, काहींना जेनिफरच्या. जॉन जास्त लायक ठरला, आणि त्याला वर्षाला सुमारे 30,200 डॉलर देऊ केले, तिला 26,500. गुणवत्ता तर शब्दाशब्दाने तीच होती! डावलणाऱ्यांत प्राध्यापक बायकाही होत्या, पुरुषांइतक्याच.

'ते अमेरिकेतलं' म्हणाल. मग इथलं सांगा: मुलाखतीत 'लग्नाचं काय ठरलंय?' हे किती मुलांना विचारतात?